"नगरसेवकांशिवाय मुंबई मस्त चालली होती" म्हणणाऱ्यांसाठी

सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच फॉरवर्ड फिरतोय. की चार वर्षं मुंबईत नगरसेवक नव्हते, प्रशासकाने शहर चालवलं, कुणाचं काही अडलं नाही. नगरसेवक नुसते पैसे खातात, आणि वरळीसारख्या मिक्स एरियात तर नगरसेवक फक्त आपल्याच माणसांचं बघतो. तक्रारीला पालिकेची 1916 हेल्पलाइन आहे, वर आमदार आहेत, मग हे 227 जण पोसायचे कशाला? मी वरळीची, मला यातलं काहीच पटत नाही, म्हणून लिहितेय.

"काही अडलं नाही." 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले, म्हणजे बजेट मांडणारे तेच आणि मंजूर करणारे पण तेच. 2025-26 चं बजेट 74,427 कोटींचं, आणि त्यावर सभागृहात उभं राहून प्रश्न विचारायला आपण निवडून दिलेला एकही माणूस नव्हता.

आणि अडलं नाही हे जरा वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरावर जाऊन सांगा. कोस्टल रोडचा पूल सी लिंकला जोडताना दोन खांबांमध्ये 60 मीटर जागा सोडायचं ठरलेलं. ज्याने उधाणात बोट बाहेर काढलीय त्याला माहितीय की लाटेने बोट आडवी सरकते, तिथे खांब जवळ आला तर संपलंच. कोळी बांधव 160 मागत होते, त्यासाठी समुद्रात बोटी घालून काम अडवलं, तेव्हा कुठे 2022 च्या शेवटी 120 वर मान्य झालं. आता कोणी म्हणेल हा वाद तर नगरसेवक होते तेव्हापासूनचा, त्यांनी काय केलं? बरोबर आहे, पण मुंबई पालिकेच्या 1888 च्या कायद्यात अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे आहे आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. मग नगरसेवकांचा अधिकार वाढवा ना, त्यांनाच काढून कसं चालेल?

"आपल्याच माणसांचं बघतो." कोळीवाडा, बीडीडीच्या चाळी, जिजामाता नगर, सी फेसचे टॉवर, एवढं सगळं एका वरळीत. 2011 च्या जनगणनेने एका नगरसेवकामागे साधारण 55 हजार लोक येतात, त्यात नुसत्या एका समाजाच्या मतांवर निवडून येणं सोपं नाही. हां, उमेदवार खूप असले की तिसरा हिस्सा मतांवर पण माणूस येतो आणि बाकीच्यांना वाटतं आपलं कोणीच नाही, हे खरंय. पण 227 पैकी 114 जागा बायकांना, 61 ओबीसींना, 15 अनुसूचित जातींना, 2 जमातींना आहेत म्हणून तरी ही माणसं आत पोचतात. प्रशासकाच्या केबिनमध्ये कुठलं आरक्षण असतं?

आमदारांचं म्हणाल तर अख्ख्या मुंबईत 36, म्हणजे एकामागे साडेतीन लाखांच्या आसपास माणसं. त्यांनी अधिवेशन करायचं की तुमच्या गल्लीतलं तुंबलेलं गटार बघायचं?

1916 वर खड्डा नोंदवता येतो, पाणी आलं नाही ते सांगता येतं. पण मासळी सुकवायची जागा कोळीवाड्याच्या सीमांकनात, म्हणजे हद्द आखताना, धरणार की नाही, हे कुठल्या हेल्पलाइनवर विचारायचं? त्यासाठी आपल्या बाजूने भांडणारा माणूस लागतो.

राहिलं "खातात". खाणारे आहेत, कोण नाही म्हणतंय. पण 2023 मध्ये सहा हजार कोटींच्या काँक्रीट रस्त्यांची कंत्राटं दिली तेव्हा एकही नगरसेवक नव्हता, आणि शहर भागातल्या कंत्राटदाराला कामच सुरू केलं नाही म्हणून काढावं लागलं. कंत्राटं मंजूर करणारी नगरसेवकांची स्थायी समिती असती तर निदान आरडाओरडा झाला असता, पेपरात आलं असतं, आपल्याला वेळेत कळलं असतं.

15 जानेवारी 2026 ला मतदान झालं, नगरसेवक परत आलेत. कायद्यात प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत जण नेमायची तरतूद आहे, आणि नेमक्या त्याबद्दल कोणी फॉरवर्ड करत नाही. आपल्या जी साऊथ वॉर्डात त्या जागांसाठी आत्ताच मागे लागा, एक नाव कोळीवाड्यातल्या संस्थेकडून आणि एक बीडीडीतून गेलंच पाहिजे.