पावडर का चाळली, का वाळवली

नमस्कार साहेब. रिव्ह्यू वाचला. स्टॅटिक ठिणगीच्या चाचणीला (तुमची पावडर किती ऊर्जेच्या ठिणगीने पेटते ते बघणाऱ्या) अकरा दिवस लागले, मध्येच डीएससीचे (माल तापवून त्यातून निघणारी उष्णता मोजायच्या चाचणीचे) जादा पैसे मागितले, आणि माल चाळून-वाळवून मुद्दाम वाईट आकडा काढला, अशी तुमची तक्रार आहे.

पैशांची चूक आमची. कोटेशनमध्ये डीएससीची ओळच नव्हती. ती रक्कम परत करतोय. उशीर होणार हा फोनही पहिल्याच दिवशी जायला हवा होता.

पण डीएससी टाळता येत नव्हती. तुमच्या रेणूत नायट्रो ग्रुप आहे. असा माल थेट 1.2 लिटरच्या काचेच्या हार्टमन ट्यूबमध्ये, म्हणजे धुळीचा ढग उडवून त्यात ठिणगी देतात त्या नळीत, उडवायचा नसतो. तो धुळीसारखा पेटण्याऐवजी स्फोटकासारखा वागला, तर समोर उभ्या असलेल्या आमच्या माणसाचं काय? म्हणून आधी काही मिलिग्रॅम तापवून विघटनाची उष्णता बघतो. ती ग्रॅममागे 500 ज्यूलच्या पुढे गेली असती, तर ट्यूब बाहेरच काढली नसती. तुमचा माल बराच खाली निघाला, मगच ठिणगी दिली.

आता आकडा. तुमचे दाणे जाड आहेत, खरंय. पण दाणे हवेत तरंगत नाहीत, घासून निघालेला भुगा तरंगतो. धूळ गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या पिशव्यांवर तोच बसतो आणि पल्सिंग झालं, म्हणजे पिशव्या झटकायला हवेचा झोत मारला, की आत त्याचा ढग होतो. म्हणून 63 मायक्रॉनखालचा कोरडा भाग तपासला. 3 मिलिज्यूलला एकदाही पेटला नाही, 10 ला पेटला. माणसाच्या अंगाची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, 150 पिकोफॅरॅड धरा. कोरड्या थंडीत प्लास्टिकचा लायनर ओढताना अंगावर 10,000 व्होल्ट चढले, तर ठिणगीत साडेसात मिलिज्यूल येतात. म्हणजे बरोबर या दोन आकड्यांच्या मध्ये.

शिवाय हा आकडा नुसत्या धूळ-हवेचा आहे. हीच पावडर मॅनहोलमधून टोल्युइनच्या रिअॅक्टरमध्ये टाकत असाल, तर टोल्युइनच्या वाफेला 0.24 मिलिज्यूल पुरतात. तिथे आमच्या अहवालावर विसंबू नका, आतली हवा हटवायला नायट्रोजन लागेलच.

आला तसा माल तपासून हवा असेल, तर विनाशुल्क करून देतो. अहवालात मात्र दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापू. तोवर पावडर रिअॅक्टरमध्ये टाकणाऱ्या माणसाला अँटिस्टॅटिक बूट द्या, आणि ड्रमची अर्थिंग क्लिप रंगावर नाही, उघड्या धातूवर बसलीय ना, हे आजच बघून घ्या.