घोणशीच्या पिल्लांचा बाप कोण?

नमस्कार दादा,

'सापाचा डीएनए तपासणं हे परदेशी थेर आहे. खवल्या-ठिपक्यांवरून साप ओळखता येतो आणि आई पिल्लांसकट सापडली की नातं दिसतंच,' असं माझा सापांच्या डीएनएवरचा लेख वाचून तुम्ही लिहिलंत. ठाण्यात इतकी वर्षं साप पकडणाऱ्या माणसाचं म्हणणं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी परदेशीपणाचं. ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून ओळख आणि नातं ठरवायची ही पद्धत १९८४ साली इंग्लंडात सापडली, खरं आहे. पण आपल्याकडे ती उभी केली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या लालजी सिंह यांनी, आणि त्यांचा प्रोब, म्हणजे जुळणारा डीएनए शोधून काढणारा तुकडा, मुळात निघाला होता पट्टेरी मण्यारीच्या डीएनएमधून! माणसांचं पितृत्व ठरवायला सापाची मदत झाली, मग तेच तंत्र सापाला का लावू नये?

घोणशीच्या पाठीवरच्या ठिपक्यांचा नीट फोटो असेल तर तीच घोणस पुन्हा ओळखता येते, हे मान्य. माझ्या लेखात ते यायला हवं होतं.

नात्याचं मात्र तसं नाही. घोणस पिल्लं घालते तेव्हा आई समोर असते, बाप नसतो. डीएनएच्या एका ठिकाणी एकच छोटा तुकडा लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो, आणि प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात: एक आईकडून, एक बापाकडून. आईच्या एका प्रतीत तो ८ वेळा आणि दुसरीत ११ वेळा आलाय असं धरा. पिल्लाकडे ८ आणि १४ निघाले तर १४ बापाचा. एका बापाकडून त्या ठिकाणी फार तर दोन प्रकार येऊ शकतात. एकाच विणीत १४, ९ आणि १७ असे तीन निघाले, की बाप एकाहून जास्त. युरोपातल्या अ‍ॅडर सापांत असंच आढळलंय. कोमोडो ड्रॅगन या महाकाय घोरपडीच्या बाबतीत तर २००६ साली इंग्लंडातल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या फ्लोरा या मादीच्या अंड्यांना बापच नसल्याचं डीएनएनेच सिद्ध केलं. नुसत्या डोळ्यांना हे कसं दिसणार?

तपासणीसाठी सापाचं रक्त काढावं लागेल, ही तुमची काळजी रास्त आहे. पण सापाच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत डीएनए साठवणारं केंद्रक असतं, आपल्या नसतं; त्यामुळे थेंबभर पुरतं. ताजी कातही चालते, फक्त ऊन-पावसात पडलेली नको. आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय यातलं काहीच करायचं नाही.

घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घोणशींची सोयरीक अजून टिकून आहे का, हे मला कळायला हवंय. पण रस्त्याच्या एका बाजूच्या येऊरची घोणस पकडून कुणी पलीकडे सोडली असेल तर सगळा हिशेब चुकेल. कुठली कुठे पकडली आणि कुठे सोडली, हे तुमच्या वहीत असणार. ती वही मला बघायला द्याल का?