एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर: बेज सीट कव्हर

नमस्कार सर,

तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफी. एक दिवस सांगून दोन दिवस लागले आणि आम्ही फोनही केला नाही, ती चूक आमचीच. पण "दोन महिन्यांत बेज सीट निळी पडली, लाइट कलर मळतो हे दुकानदाराने एका शब्दाने सांगितलं नाही" असं जे तुम्ही लिहिलंत, ते वाचून रात्री घास उतरला नाही.

सर, त्या दिवशी शेड कार्ड बॉनेटवर ठेवून तुम्ही पाऊण तास उभे होता. मी तेव्हाच म्हटलं होतं, रोजची गाडी आहे, घरात लहान मुलं आहेत, बसायच्या जागी गडद करडा घ्या आणि बाजूला बेज ठेवू. त्याचे 800 रुपये जास्त होत होते. तुम्ही घरी व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणालात, "पूर्ण बेजच करा, गाडी मोठी वाटते." वाटतेच, त्यात वाद नाही. आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, काळी सीट चटके देते, हेही मीच बोललो होतो. नाही कशाला म्हणू? पण काळं तापतं आणि बेज मळतं, दोन्ही सांगितलं होतं. तुमच्या लक्षात एकच राहिलं.

तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. निळं फक्त ड्रायव्हर सीटवर, मांडीखाली आहे. मागची सीट अजून काल लावल्यासारखी दिसते. माल खराब असता तर तीही गेली असती ना? तो जीन्सचा रंग आहे सर. नव्या जीन्सची नीळ धाग्यात आतपर्यंत मुरलेली नसते. घाम आला, घासलं गेलं की सुटते आणि पीयू लेदरच्या, म्हणजे सीटच्या नकली चामड्याच्या, वरच्या थरात शिरते. काळ्या सीटलाही लागते, दिसत नाही इतकंच. तेव्हाच साबणाच्या पाण्याने पुसलं असतं तर बरंच निघालं असतं. तुम्ही थिनर लावलं असं तुम्हीच लिहिलंय. थिनरने तो थरच जातो.

डॅशबोर्डवरही तुम्हाला बेज मॅट हवी होती, ती मी लावू दिली नाही. दुपारी समोरच्या काचेत तिचं प्रतिबिंब पडून रस्ता नीट दिसत नाही. म्हणून तर बेज गाडीतही कंपनीवाले डॅशचा वरचा भाग सहसा गडदच ठेवतात. 350 रुपयांची विक्री मी सोडली, रिव्ह्यूत त्याचा उल्लेख नाही.

दुसरा दिवस का लागला तेही सांगतो. पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग आहे. तिथली शिलाई मुद्दाम कच्च्या दोऱ्याने घालावी लागते, नाहीतर एअरबॅग उघडायला अडते. नव्या कारागिराने पक्की घातली होती, मी उसवून परत करून घेतली. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

वडिलांनी याच जागेवर लुना आणि ऑटोच्या सीटा शिवल्या. एक स्टार आम्हाला पहिल्यांदाच आला. यापुढे रंग ठरला की लिहून घेत जाऊ, फोनचंही काहीतरी बघतो.

गाडी घेऊन या, ड्रायव्हर सीटचा खालचा भाग गडद करून देतो, मजुरी नको, मालाचे द्या. मंगळवारी दुकान बंद असतं. शक्यतो अकराच्या आत या, नंतर शेडचा पत्रा तापतो.