तपासणीसाठी आधी प्रमाणपत्र लागत नाही

‘दिव्यांग प्रमाणपत्र नसेल तर वाढीत अडचण असलेल्या मुलांसाठीच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, मुलाला घेत नाहीत’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. चूक आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्रम उलटा आहे. आरोग्य पथक मुलं तपासायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतं, शंका वाटली तर संदर्भ चिठ्ठी, म्हणजे केंद्रात पाठवण्याची चिठ्ठी, देतं. पुढची तपासणी, निदान आणि थेरपी केंद्रात, तीही मोफत. प्रमाणपत्राचा उपयोग सवलतींसाठी, आणि तो नंतरचा विषय. दोन वर्षांचं मूल अजून बोलत नसेल तर प्रमाणपत्रासाठी कशाला थांबायचं? पथक आलं तेव्हा मूल गावाला गेलं होतं? मग आशाताईंना सांगा, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या.