मामाची टपरी कुठल्या खात्यात धरायची

३१ डिसेंबर २०२५ ची गोष्ट. लोकांचे कुठं कुठं प्रोग्राम असतील, आम्ही पाचजण मात्र नेहमीसारखे मुकुंदवाडीत मामाकडंच. मामाकडं म्हणजे आता टपरी नाही, जालना रोडवरून गल्लीत दीड-दोनशे पावलं आत एका बंद शटरपुढं मामा हातगाडी लावतो तिथं. बसायचा कट्टा जूनमध्येच रस्ता रुंदीकरणात टपरीसोबत गेला, त्यामुळं चहा पण उभ्यानं न भांडण पण उभ्यानं. विषय अण्णांनी काढला, की २०२५ मध्ये आपल्या संभाजीनगरात सगळ्यात मोठं काय झालं ते एकेकानं सांगायचं, एकच सांगायचं, आणि का ते पण सांगायचं. अण्णा बँकेतून रिटायर झालेत, साल संपलं की त्यांना ताळेबंद लागतो.

"रस्ते," प्लॉटवाला, म्हणजे आमच्यातला प्लॉटचा धंदा करणारा, लगेच बोलला. "इतक्या वर्षात कुणाला जमलं नाही ते यंदा झालं. मुकुंदवाडी घ्या, बीड बायपास घ्या, पैठण रोड, पडेगाव. नकाशावरचा रस्ता पहिल्यांदा जमिनीवर दिसला. संध्याकाळी सहाला इथून चिकलठाण्याकडं जायचं म्हणजे काय हाल व्हायचे ते विसरले का?"

विसरलो नाही कुणीच. माझं झेरॉक्सचं दुकान याच भागात आहे, रोडवर अडकलेली अॅम्ब्युलन्स न तिच्या मागं तोंडाला पदर लावून बसलेली बाई मी डोळ्यानं पाहिलीय, आणि एकदा नाही. त्यामुळं रस्ता रुंद व्हायला नको होता असं म्हणणारा मी नाही हे आधीच सांगतो. पण मी तेव्हा काही बोललो नाही, कारण इंजिनिअरनं मधेच तोंड घातलं.

इंजिनिअर म्हणजे वाळूजला जॉबवर्क करणाऱ्या एका छोट्या शॉपमध्ये सुपरवायझर. टू-व्हीलरचे पार्ट करतात ते. त्याचं म्हणणं, साल फिरलं ते २२ सप्टेंबरला. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यावरून १८ झाला न दसरा-दिवाळीला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. "आमच्याकडं ऑगस्टात एक शिफ्ट बंद करायची बोलणी चालली होती, ऑक्टोबरात दोन्ही शिफ्ट फुल्ल. मशीनवर पोरं कमी पडायली. तुम्ही रस्त्याचं सांगायलात, अरे घरात पगार आला तर रस्त्यानं जाशील ना!" आणि मग तो बिडकीनवर, म्हणजे ऑरिकच्या नव्या औद्योगिक वसाहतीवर गेला. टोयोटाचे २० हजार कोटी, इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या एथरचे २ हजार कोटी, पाच वर्षात बघा म्हणे चित्र कसं पालटतं.

अण्णा म्हणाले, टोयोटाचा करार ३१ जुलै २०२४ चा आहे, तो या सालात धरता येणार नाही, आणि गाडी बाहेर पडेपर्यंत कुठल्याच सालात जमा धरायचा नाही. यावर दोघांची चांगलीच जुंपली. इंजिनिअर म्हणतो कारखाना काय रात्रीतून उभा राहतो का, ८५ साली वाळूजला बजाज आलं तेव्हा पण लोक असंच बोलत असतील, पुढं बजाजनगर वसलं, शेकडो व्हेंडर उभे राहिले, माझा बाप गंगापूर तालुक्यातून त्याच्यामुळंच शहरात आला. यात त्याचं खरं आहे. या शहरातली निम्मी घरं कुठल्या ना कुठल्या एमआयडीसीच्या भोंग्यावर उभी राहिलीत, चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा. बिडकीनचं तसंच व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण अण्णांचं पण चूक नाही, आकडा पेपरात आला न पगार हातात आला यात लई अंतर असतं आणि त्या मधल्या काळात भाव वाढतो तो फक्त जमिनीचा. प्लॉटवाल्याला विचारा.

भाई तोवर गप्प होता. त्याचं शहागंजकडं कापडाचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. तो म्हणाला, "तुम्ही सगळे शहरातलं बोलायलात. माझं गिऱ्हाईक खेड्यातलं आहे. पैठण, गंगापूर, फुलंब्री, सिल्लोड. सप्टेंबरात पाऊस पडला तो विसरले तुम्ही? कपाशी पाण्यात, सोयाबीन पाण्यात, रानातली माती वाहून गेली. दिवाळीच्या आधीचे १५ दिवस म्हणजे आमचं वर्ष असतं यार. यंदा लोक आले, हात लावला, भाव विचारला, परत ठेवलं." ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं ते त्याला माहीत होतं, आकड्यासकट पाठ होतं, कारण गिऱ्हाईक रोज तेच सांगायचं की पैसे खात्यावर आले की येतो. त्यानं वही उघडली न ओळखीच्या घरांना उधारीवर कापड दिलं. लेकरांना दिवाळीला नवा कपडा नाही असं नको म्हणून. किती वसूल झालं विचारलं तर म्हणाला ते विचारू नका.

हे ऐकून जरा वेळ कुणी बोललं नाही.

मग अण्णांनी त्यांचं सांगितलं, आणि ते आम्हाला माहीतच होतं, पाणी. दरवर्षी ते पाणीच म्हणतात. पण यंदा त्यांच्याकडं सांगायला वेगळं होतं. सप्टेंबरच्या शेवटी जायकवाडीचे सगळे २७ दरवाजे उघडले, पैठणमध्ये लोकांना घरं सोडून हलवावं लागलं, नाथसागर एवढा भरला की ठेवायला जागा नाही, आणि त्याच आठवड्यात अण्णांच्या गल्लीत नळाला पाणी आलं सातव्या दिवशी. धरण भरलेलं असताना टँकर! जुन्या लाइन दोन, ७०० न १४०० मिलिमीटरच्या, त्यातली मोठी पण १९९२ ची. शहर तेव्हा केवढं न आता केवढं. नवी २५०० मिलिमीटरची लाइन टाकायची योजना १ हजार ६८० कोटींची होती, ती २ हजार ७४० वर गेली, २०२० च्या डिसेंबरात भूमिपूजन झालं, तेव्हा अण्णांची नात पोटात होती, आता ती शाळेत जाते न घरी ड्रम भरायला मदत करते. "पाण्याचा दिवस कधी हे त्या पोरीला तिच्या वाढदिवसाच्या तारखेपेक्षा पक्कं माहीत आहे," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

स्टेशनचं नाव बदललं ते ऑक्टोबरात, वंदे भारत ऑगस्टात नांदेडपर्यंत गेली, त्यावर पण थोडं झालं, पण ते दोन मिनिटात संपलं.

शेवटी माझ्यावर आलं. मी म्हणालो, या सालातली सगळ्यात मोठी गोष्ट आपल्यासमोर उभी आहे, मामाची टपरी गेली ती.

प्लॉटवाला हसला. मला राग आला. म्हणालो, हसू नको, ऐक आधी. मामा रोडवर होता तेव्हा दिवसाला साडेतीनशे कप जायचे, १२ लिटर दूध लागायचं. सकाळी सहाची शिफ्ट, दुपारची शिफ्ट, एमआयडीसीत जाणारी पोरं, रिक्षावाले, बसची वाट बघणारे. आता आत गल्लीत नव्वद-शंभर कप. चार लिटर. मामी दोन घरची धुणीभांडी करायला लागली, आधी करत नव्हती. पोरगा बारावीत आहे, त्याचा क्लास सुटला. आणि मामाच्या डोक्यावर स्वनिधीचं, म्हणजे पथविक्रेत्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं, कर्ज आहे, तो फॉर्म मीच भरलाय माझ्या दुकानात, म्हणून मला पै न पै माहीत आहे. पहिले १० हजार वेळेवर फेडले, मग २० हजार मिळाले, १८ हप्ते, महिन्याला बाराशे-तेराशे. टपरी जूनमध्ये गेली, हप्ता नाही गेला. एक पण हप्ता मामानं चुकवला नाही, हे मी लिहून ठेवतो कारण कुणीतरी लिहिलं पाहिजे.

"अरे पण अतिक्रमण ते अतिक्रमण," प्लॉटवाला म्हणाला. "रोडच्या जागेत होती ना टपरी? मंग? एकाला सोडलं की दहाजण म्हणतात मला पण सोडा. असं रडत बसलं तर शहर कधीच मोठं होत नाही."

मी म्हणालो, काढू नका असं मी कधी म्हणालो? तू घर खाली करायला भाडेकरूला महिना देतो की नाही? २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्यात सरळ लिहिलंय की आधी सगळ्या विक्रेत्यांचा सर्व्हे करायचा, सर्टिफिकेट द्यायचं, तोवर कुणाला उठवायचं नाही. हलवायचं तर ३० दिवसाची नोटीस द्यायची. जागा ठरवायला समिती पाहिजे न त्या समितीत चाळीस टक्के विक्रेतेच पाहिजेत. म्हणजे कायदा म्हणतो हा माणूस पण शहरच चालवतो, याला विचारा. आणि सरकार ज्या शिफारसपत्रावर त्याला चहाच्या धंद्यासाठी बँकेचं कर्ज मिळवून देतं, त्याच कागदावर त्याचा धंदा न त्याचं नाव आहे, तो कागद मामाच्या गल्ल्यात प्लास्टिकच्या पिशवीत होता. जेसीबी आला तेव्हा मामानं आधी गॅसची टाकी न ती पिशवी काढली. पातेली राहिली.

"तुला वाटतं मामा एकटा होता?" भाई म्हणाला. "टपरीवाले, पंक्चरवाले, भाजीवाल्या बाया, कितीतरी. आणि ज्यांची पक्की दुकानं होती त्यांचं काय?"

तेच तर. पक्क्या दुकानवाल्याकडं निदान कागद असतो, वकील असतो, भांडायला चार लोक असतात. मामाकडं आम्ही पाचजण. इंजिनिअर म्हणाला तुझं पटतं रे, पण तू रस्त्याच्या विरोधात बोलल्यासारखं वाटतं. मी म्हणालो नाही, उलट. रस्ता करायचा तर खर्चात डांबर धरता, खडी धरता, विजेचे खांब हलवायचे पैसे धरता, मग मामाला हलवायचा खर्च त्यातच धरा ना. १० बाय १० ची जागा, वर पत्रा, नळ नको, आम्हीच आणून देऊ पाणी. तो रस्त्याच्याच कामाचा भाग आहे. विजेच्या खांबाला नवी जागा मिळते, माणसाला का नाही?

अण्णा म्हणाले, "सांगायचं कुणाला पण? एप्रिल २०२० पासून नगरसेवकच नाही शहराला. साडेपाच वर्षं! गल्लीतलं गटार तुंबलं तरी दारात जाऊन उभं राहावं असा माणूस नाही." १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान होतं, ११५ जागा, रोज संध्याकाळी कुणी ना कुणी हात जोडून गल्लीत यायचा. परवा एक उमेदवार मामाच्या गाडीवर चहा प्यायला, कार्यकर्त्यांसकट वीसजण, पैसे दिले, फोटो काढला. मी त्याला विचारलं, मामाच्या जागेचं काय करणार ते सांगा. तो म्हणाला निवडून आलो की पहिलं काम तेच. मी त्याला तारीख लिहून मागितली. तेवढ्यात दुसरीकडून बोलावणं आलं न ते निघाले.

इतका वेळ मामा एक शब्द बोलला नव्हता. गाळणीतला चोथा झटकला न म्हणाला, "तुम्ही माझ्यावरून काहून भांडायलात? रस्ता चांगलाच झालाय. पोरगं सायकलवर जातं, आधी जीव टांगणीला असायचा माझा. फक्त गिऱ्हाईकाला मी दिसलो पाहिजे. हितं आत कुणाला माहीतच नाही मी आहे म्हणून. काल एक जुना ड्रायव्हर भेटला, म्हणे मामा मला वाटलं तुम्ही गावाकडं गेलात."

प्लॉटवाल्याचं तोंड उतरलं. तो तसा वाईट माणूस नाही, मामाच्या पोरीच्या लग्नात मंडपाचे पैसे त्यानंच दिले होते. बराच वेळ मोबाईलवर काहीतरी बघत राहिला, मग म्हणाला की कोपऱ्यावर, नव्या सर्व्हिस रोडला लागून एक मोकळा प्लॉट आहे, कंपाउंड नाही, मालक पुण्याला असतो. रस्त्याच्या हद्दीबाहेरची, मालकाचीच जागा, तिथून कुणी उठवणार नाही. त्याच्याकडून पुढची दहा बाय दहा वर्षाच्या करारानं मागतो. इंजिनिअर म्हणाला पत्रा न अँगल मी आणतो, शॉपमध्ये वेल्डिंग करून देतो. भाई म्हणाला ताडपत्री माझ्याकडं पडून आहे. मी म्हणालो करार लिहून पाहिजे, तोंडी नाही, स्टॅम्प पेपर माझ्याकडून, आणि सर्व्हेचा अर्ज पण सोमवारी मी न अण्णा जाऊन देतो, पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. प्लॉट मिळाला म्हणून कायद्यातली जागा सोडायची असं होत नाही, आज मालक हो म्हणेल, उद्या विकेल.

प्लॉटवाल्यानं तिथंच फोन लावला. अकरा चाळीस झाले होते, मालकानं उचलला नाही. सकाळी दहाला परत लावतो म्हणाला. मामानं उरलेलं दूध पातेल्यात ओतलं, अद्रक ठेचलं न पाठ आमच्याकडं ठेवूनच बोलला, "दोन हजाराच्या वर भाडं मला झेपणार नाही, तेवढं आधीच सांगा त्यांना."