मासे सोडा, पुण्य जोडा

ठाणेकर मंडळी, आपलं शहर तलावांचं. मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी, ब्रह्माळा... पाहुण्यांना नावं सांगताना कसा ऊर भरून येतो! मग त्यांच्यासाठी आपणही हातभार लावायला नको का? गेल्या रविवारी सकाळी फिरायला गेलो असताना एका सद्गृहस्थांनी मला प्रात्यक्षिकच दाखवलं. तेव्हापासून झोप नाही. म्हटलं, तुम्हालाही चार युक्तीच्या गोष्टी सांगून टाकाव्यात.

तर, तलावात मासा सोडताना तो कुठला हे अजिबात बघू नका. गंगेचा कटला, आफ्रिकेची चिलापी, सगळी आपलीच लेकरं. चिलापी तर सोडाच सोडा. १९५२ साली ती आपल्या देशात पाहुणी म्हणून आली आणि तेव्हापासून उठायचं नाव नाही. मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे पिल्लं दगावत नाहीत, आणि दोन-तीन महिन्यांत पिल्लाचीच आई होते. आज पाच सोडा, काही वर्षांत सातबारा तिच्या नावावर. मरळ, मुऱ्या असले गावठी मासे मग हळूच बाजूला होतात. त्यांचं एवढं काय!

डासांचा त्रास आहे? गप्पी सोडा, तेही मोठ्या तलावात. डेंग्यूचा डास अंडी घालतो तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीखालच्या ताटलीत, पण ती कोण उचलणार? कंबर धरते.

पाव, शेव, कणकेचे गोळे रोज घाला. फरसाणही चालतं.

आता मुख्य मुद्दा. घरातली काचेची टाकी डोईजड झाली, की तिच्यातला सकर आणून तलावात सोडा. तोच तो, काळा, काचेला तोंड चिकटवून बसणारा. दुकानदाराने 'क्लीनर' म्हणून दिला तेव्हा बोटाएवढा होता. आता हात-दीड हात झाला, टाकीत वळता येत नाही. रविवारच्या सद्गृहस्थांनी हेच केलं. निळी बादली, प्लॅस्टिकची पिशवी, सोबत मोबाइल धरलेला मुलगा. बादली उपडी केली तर मासा पाण्यात न पडता पायरीवर पडला आणि तिथल्याच शेवाळाला तोंड लावून बसला. अंगावर हाडांचं चिलखत, पाठीवर काटेरी शीड. मी म्हटलं, "अहो, हा इथला नाही, सोडू नका." तर म्हणाले, "काका, हा काचा साफ करतो, तलावही साफ करेल. जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." आणि पायाने ढकलला आत!

साफ करेल? दक्षिण अमेरिकेतला मासा आहे तो. शेवाळाबरोबर तळाला चिकटलेली दुसऱ्या माशांची अंडीही खातो. अंडी घालायला काठात बिळं पोखरतो, माती ढासळते, पाणी गढूळ होतं. चिलखतामुळे त्याला सहसा कुणी खात नाही. पक्ष्याने गिळायला घेतलाच तर काटे घशात अडकतात. जाळ्यात आला तर जाळंच फाडतो, बाजारात विचारावं तर घेणारं कुणी नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर पठ्ठ्या वर येऊन हवा गिळतो आणि जगतो. बाकीचे मरतात, हा उरतो. असा सफाई कामगार!

बरं, टाकीतलं पाणीही ओतलं. त्यातली औषधं, रोग, सगळं फुकटात.

आणि मग पाणी हिरवंगार झालं की महापालिकेला शिव्या घाला. त्या पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या जलपिसवा असतात, शेवाळ त्या चरतात. तुम्ही भारंभार सोडलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मासळी, आधी त्यांनाच मटकावते. तळात तोंड खुपसणारा सायप्रिनस मासा सोडलात तर तो चिखल उकरतो आणि खाली बसलेलं खत पुन्हा वर आणतो. चरणारं कुणी नाही, वरून खत आणि तुमचे पाव. शेवाळ माजणार नाही तर काय? दिवसा ते प्राणवायू सोडतं, पण रात्री स्वतःच ओढून घेतं. पहाटेच्या वेळी तो सगळ्यात कमी असतो. मग सकाळी चालायला येणाऱ्यांना काठाला पांढरी पोटं तरंगताना दिसतात, आणि नाकाला रुमाल लावून आपण म्हणतो, "उन्हामुळे असेल."

उन्हामुळे नाही हो. तुमच्यामुळे.

तलाव म्हणजे तुमच्या हौसेचं अडगळीचं कपाट नाही. मासा सांभाळायची ऐपत नव्हती तर आणायचा नव्हता. आणलात, तर दुकानदाराच्या गळ्यात परत मारा, टाकी असलेल्या कुणाला द्या. मत्स्यबीज कुठलं, किती आणि कधी सोडायचं, हे बघायला मत्स्यव्यवसाय खातं आहे. वाढदिवसाची बादली घेऊन फोटो काढणारं मंडळ नाही. आणि "पाण्यातला जीव पाण्यात गेला, पाप कसलं" हे मला पुन्हा ऐकवू नका. त्या एका जीवापायी किती गेले, ते पायरीवर उभं राहून मोजा कधी.

त्या रविवारची प्लॅस्टिकची पिशवी अजून रेलिंगला लटकते आहे. बादलीवाले, तुम्ही आमच्याच बी विंगमध्ये राहता हे मला कालच कळलं. खाली या आणि निदान ती तरी काढा.