“पर्यटक नकोत, मग मनीऑर्डरीवर जगायचं का?” : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी दोन गोष्टी सुचवल्या होत्या. किनाऱ्यालगतच्या ग्रामपंचायतींनी नव्या लॉजला ना-हरकत दाखला देण्याआधी मे महिन्यातली विहीर बघावी, आणि पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाड्या उतरवू देऊ नयेत. त्यावर दापोली तालुक्यातल्या एका वाचकांची लांबलचक आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया आली. त्यांचं स्वतःचं चार खोल्यांचं होमस्टे आहे, त्यावर बँकेचं कर्ज आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कोकणातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबला, गावचं घर मनीऑर्डरीवर चाललं. आता कुठे गावात राहून चार पैसे दिसायला लागले, तर तुम्ही शहरात एसी लावून मर्यादा घाला म्हणता. ‘धारणक्षमता’, म्हणजे गावाला किती पाहुणे सोसतील, हा कागदावरचा शब्द, ती कोणी मोजली आहे का? तुम्ही दिलेलं वेळास या कासवांच्या गावाचं उदाहरण फसवं, कारण तिथला हंगाम दीड-दोन महिन्यांचा. आणि कचरा, पाणी, रस्ते ही सरकारची कामं. भुर्दंड आमच्यावर का?

एवढ्याचं उत्तर प्रतिक्रियांच्या रकान्यात मावणार नाही, म्हणून इथे.

मी कुठे बसून लिहितो हा मुद्दा सोडून देऊ. त्याने कोणाच्या विहिरीचं पाणी गोडं होणार नाही, खारंही होणार नाही. मनीऑर्डरीचा मुद्दा मात्र सोडण्यासारखा नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनपासून दापोलीच्या किनाऱ्यापर्यंत पोफळीच्या (सुपारीच्या) बागा झोपल्या. बाग आडवी झाल्यावर कोणी त्या जागी दोन खोल्या काढल्या, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो.

पण दादा, मी मर्यादा मागितली ती नव्या खोल्यांच्या संख्येवर, पर्यटकांवर नाही. आणि त्या मर्यादेने सगळ्यात आधी कोणाचं भलं होणार असेल तर तुमच्यासारख्या चार खोल्यांवाल्याचं. कसं ते सांगतो.

किनाऱ्यालगतच्या वाडीत जमिनीखालचं गोडं पाणी म्हणजे वाळूत मुरलेला पाऊस. त्याच्याखाली समुद्राचं खारं पाणी असतं. गोडं हलकं, म्हणून वर तरंगतं. भूजलवाल्यांचा जुना ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जेवढी, त्याच्या साधारण चाळीसपट ते खाली खोल असतं. ऐकायला छान वाटतं. पण हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी कायमची एक फूट उतरवली, की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर यायला बघतं. रहाट होते तोवर ही वेळ आली नाही, कारण बैल दमला की रहाट थांबायचा आणि तेवढ्यात विहीर भरून यायची. मोटर दमत नाही. बोअर मारून रात्रभर टाक्या भरल्या, की मार्च सरता सरता चहाची चव बदलते, एप्रिलात डाळ शिजत नाही, आणि मे महिन्यात पाहुणा न्हाणीघरातून ओरडतो की साबणाला फेसच येत नाही. मचूळ पाणी थोडंफार माड सोसतो. पोफळ नाही सोसत.

आता आकडे घ्या. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. हॉटेलासाठी भारतीय मानकात एका खाटेमागे १८० लिटर धरतात. पंधरा खोल्यांचं लॉज, खोलीत दोघं, म्हणजे ३० खाटा आणि ५,४०० लिटर. गावच्या मापाने हे ९८ माणसांचं रोजचं पाणी झालं. त्यात हल्ली स्विमिंग पूल लागतोच. समोर अख्खा अरबी समुद्र पसरलेला असताना त्याच्यापासून शंभर पावलांवर, गोड्या पाण्याचा!

त्या लॉजचं बोअर आणि तुमच्या अंगणातली विहीर एकाच थरातलं पाणी ओढतात. पाणी खारट झालं तर लॉजवाला टँकर मागवेल, टँकर परवडेना तर विकून दुसऱ्या किनाऱ्यावर जाईल. तुम्ही कुठे जाणार?

आणि हेच पाणी वापरून झालं की परत जमिनीत जातं, हे विसरू नका. वाळूत शोषखड्डा खणला की तो कधी तुंबत नाही, म्हणून सगळे खूश. तुंबत नाही, कारण मैला वाळूतून चालता होतो, आणि उतार शेजाऱ्याच्या विहिरीकडे असेल तर तिकडेच जातो. फिलिपिन्समधल्या बोराकाय बेटाचं याच सांडपाण्यापायी काय झालं ते बघण्यासारखं आहे. तिथली घाण समुद्रात जायला लागली आणि २०१८ साली एप्रिलअखेरीपासून तब्बल सहा महिने अख्खं बेट पर्यटकांना बंद ठेवावं लागलं. उघडलं तेव्हा एका वेळी बेटावर साधारण १९ हजारांहून जास्त पर्यटक नकोत अशी अट आली. त्या सहा महिन्यांत हातावर पोट असलेल्यांचं काय झालं असेल याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल.

‘धारणक्षमता मोजली कोणी?’ हा प्रश्न मला आवडला, कारण ती मोजायला सल्लागार कंपनी लागत नाही. सुंभाच्या दोरीला फुटाफुटावर गाठी मारायच्या, टोकाला दगड बांधायचा. पहाटे मोटर चालू व्हायच्या आत वाडीतल्या चार विहिरींत ती सोडायची आणि पाण्यापर्यंत किती गाठी गेल्या ते वहीत टिपायचं. खारेपणा बघायला टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, पेनाएवढं यंत्र मिळतं, तुमच्या एका खोलीच्या एका रात्रीच्या भाड्यात येईल. दिवाळीनंतर एकदा, मार्चात एकदा, मे महिन्यात दर आठवड्याला. दोन उन्हाळे हे केलं की आणखी किती खाटा सोसतील ते वहीच सांगते. आपल्याकडे मात्र खोल्या बांधतात त्या ३१ डिसेंबरची गर्दी बघून. वर्षाचे उरलेले मंगळवार-बुधवार त्या रिकाम्या पडतात, मग मोबाईलवर भाव पाडायची शर्यत लागते आणि अडीच हजाराची खोली नऊशेला जाते. त्या शर्यतीत कोण टिकतो? ज्याला हप्ता नाही तो.

इथे एक गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून जरा थांबतो. कोकणातला सातबारा बघा. आजोबांच्या नावावरची वीस गुंठे, त्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार. निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही. अशा सामाईक जमिनीवर गावातल्या पोराला बँक कर्ज देत नाही. बाहेरचा पैसेवाला मात्र वर्षभर दलाल फिरवतो, एकेक सही गोळा करतो आणि सगळं एकगठ्ठा घेतो. मग त्याच जागेत हिस्सेदाराचा मुलगा गेटवर वॉचमन. ‘कोकणचा कॅलिफोर्निया’ म्हणून आपण टाळ्या वाजवल्या त्याला किती वर्षं झाली! सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. नवीन खोल्यांना मोकळं रान असावं असं तुम्ही म्हणता, पण त्या रानात तुमच्यापेक्षा त्या बाहेरच्या पैसेवाल्याची धाव मोठी आहे. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर निर्बंध घालणाऱ्या, अधिसूचनेत स्थानिकांना आणि मच्छीमारांना आहे त्या घरात, जोतं किंवा दर्शनी बाजू न बदलता, होमस्टे चालवायची मुभा आहे. म्हणजे कायद्यात तुमच्यासाठी एक फट ठेवलेली आहे, ती वापरा. सरसकट सगळ्यांना दार उघडा म्हणालात तर त्या फटीला काही किंमत उरणार नाही.

वेळासबद्दल तुमचं म्हणणं खरंच आहे. कासवांवर वर्षाचा संसार चालत नाही, आणि प्रत्येक गावाला कासवं मिळणार नाहीत. मी वेळासचं नाव घेतलं ते वेगळ्या कारणासाठी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. जी अंडी आधी चोरीला जात, ती राखायला गावातलेच लोक उभे राहिले आणि पाहुणे गावातल्याच घरांत उतरले. पिल्लं समुद्राकडे जाताना दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, हे सांगणारा गावातलाच माणूस. पाहुणा ऐकतो, कारण रात्री जेवायला त्याच्याच घरी असतो.

याच्या उलट मालवण बघा. १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. हेतू चांगला, तिथली प्रवाळं राखण्यासारखीच आहेत. पण वर्षानुवर्षं मच्छीमारांचा विरोध राहिला, कारण रेघ वरून आली. मालवण तालुक्यातल्याच आचऱ्यात गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुराढोरांसकट तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. सरकारने असा आदेश काढला असता तर दुसऱ्या दिवशी कोर्टातून स्थगिती आली असती. म्हणून खोल्यांची मर्यादा मंत्रालयाने ठरवावी असं मी कुठेच म्हटलेलं नाही. ती ग्रामसभेने ठरवावी.

गाड्यांचं थोडक्यात. पुळण ही रापणकरांची, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची, कामाची जागा आहे. दोन्ही बाजूंनी दोर ओढत पंचवीस-तीस माणसं मागे सरकत असतात, आणि त्यांच्या पाठीमागे कोणीतरी नवी एसयूव्ही गोल गोल फिरवत रील काढत असतो. नोव्हेंबर ते मार्च त्याच वाळूत कासवाची घरटी असतात. भरतीत गाडी रुतली की ट्रॅक्टरवाल्याचा धंदा होतो, हे मला कबूल. तो रोजगार तेवढा बुडेल. पार्किंग पुळणीच्या अलीकडे करा, त्याची पावती ग्रामपंचायतीने फाडावी, आणि तो पैसा किनारा झाडणाऱ्यांच्या पगाराला जावा. कचरा सरकारने उचलावा हे बरोबर आहे, पण शनिवारची बाटली सोमवारच्या घंटागाडीची वाट बघत नाही, ती उधाणाबरोबर जाते.

तुम्ही शेवटी विचारलंय, ‘मग आम्ही नेमकं करायचं काय?’ १ मेला तुमच्याकडे ग्रामसभा असेल. पाहुणे भरलेले असतील आणि विहिरींनी तळ गाठलेला असेल, म्हणजे बोलायला तोच दिवस बरा. तुमच्या वाडीतल्या होमस्टेवाल्यांनी त्याआधी चार आठवडे विहिरींची मापं घ्या आणि ती वही सभेत वाचून दाखवा. ठराव एवढाच मांडा, की नव्या लॉजचा ना-हरकत दाखला देण्याआधी बोअर कुठे आणि शोषखड्डा कुठे हे नकाशावर दाखवून घ्यायचं, आणि मे महिन्याचं माप बघितल्याशिवाय सही करायची नाही. ठराव फेटाळला गेला तर कोणी कोणत्या कारणाने विरोध केला ते मला कळवा. मापांची वही धाडलीत तर गावाचं नाव न घेता ती इथे छापेन.